समुद्र नसलेल्या तालुक्याचाही हा प्रश्न आहे

‘लंडनचा निर्णय लांबला ते बरे झाले, शेतकऱ्याच्या डोक्यावरचे एक ओझे तरी टळले.’ ऑक्टोबर २०२५ नंतर देऊळगाव राजाच्या परिसरात, जालन्याच्या व्यापारी पेठेत आणि जिनिंगच्या आवारात हे मत बऱ्याच जाणत्या तोंडून ऐकू आले. रुईचा भाव, कंटेनरचे भाडे, डॉलरचा दर ज्यांना तोंडपाठ असतो अशी ही माणसे. शेतकऱ्याविषयीची त्यांची कळकळही खोटी नाही. पण मत चुकीचे आहे, आणि ते खपले तर ज्या शेतकऱ्याच्या नावाने ते मांडले जाते त्याचेच नुकसान होणार आहे. म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

आधी घडले काय ते पाहू. जगाच्या व्यापारातला ८० टक्क्यांहून अधिक माल जहाजांतून जातो. यातली बहुतेक जहाजे खनिज तेल शुद्ध करताना तळाशी उरणारे डांबरासारखे घट्ट तेल जाळतात. जगातल्या हरितगृह वायूंपैकी सुमारे ३ टक्के वायू या धुरातून येतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटना ही संयुक्त राष्ट्रांची लंडनमधली संस्था. तिच्या सदस्य देशांनी २०२३ मध्ये ठरवले की २०५० च्या सुमारास हा धूर शून्यावर आणायचा. एप्रिल २०२५ मध्ये त्याचा आराखडा मंजूर झाला. मोठ्या जहाजांनी आपले इंधन टप्प्याटप्प्याने स्वच्छ करायचे. जे मागे पडतील त्यांनी उद्दिष्टापेक्षा जास्त सोडलेल्या दर टन कार्बनमागे १०० ते ३८० डॉलर भरायचे. आणि जमलेल्या पैशातून स्वच्छ इंधन वापरणाऱ्यांना बक्षीस व विकसनशील देशांना मदत द्यायची. भारताने या आराखड्याच्या बाजूने मत दिले होते. ऑक्टोबरमध्ये त्यावर शेवटचा शिक्का बसायचा होता. अमेरिका आणि सौदी अरेबियाने जोर लावला आणि ५७ विरुद्ध ४९ मतांनी सगळे वर्षभर पुढे ढकलले गेले.

ज्यांना हे बरे वाटले त्यांचे म्हणणे असे: जहाजाचे भाडे वाढणार, भाडे वाढले की निर्यातीच्या मालाचा भाव पडणार, आयात खत महागणार, आणि शेवटी वजन येणार ते कोरडवाहू शेतकऱ्यावर. शिवाय समुद्र इथून सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर दूर. बंदरांचे प्रश्न बंदरवाल्यांनी सोडवावेत, आपण आपली शेती पाहावी.

समुद्र दूर आहे, हे नकाशापुरते खरे आहे. बाजार समितीत मात्र तो रोज हजर असतो. देऊळगाव राजा तालुक्याची खरिपाची मदार कपाशी आणि सोयाबीनवर. देशाला लागणारे निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात होते. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून जहाजाने येते. ३० मे २०२५ रोजी केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणले. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव होता ५,३२८ रुपये, आणि बाजारात माल त्याच्या बराच खाली विकला गेला. पेरणीला टाकलेला पालाश घ्या. देशाला लागणारे म्युरेट ऑफ पोटॅश जवळजवळ सगळे बाहेरून येते, तेही जहाजाने. बियाणे टोकण्यापासून माल काट्यावर चढेपर्यंत या शेतीत समुद्राचा हात असतो. मग समुद्रावरच्या कारभारात या शेतीने बोलायचे नाही, हे कुठले शहाणपण?

आता भाड्याचा हिशेब करू, कारण सारा वाद तिथे येऊन थांबतो. चाळीस फुटी कंटेनरमध्ये साधारण २५ टन, म्हणजे २५० क्विंटल रुई बसते. स्वच्छ इंधनामुळे एका कंटेनरचे भाडे ५०० डॉलरने वाढले असे धरू. हा आकडा मी मुद्दाम चढा धरला आहे. डॉलर नव्वद रुपयांचा धरला तर हे झाले ४५,००० रुपये, म्हणजे रुईच्या क्विंटलमागे १८० रुपये. एक क्विंटल रुईला साधारण तीन क्विंटल कापूस लागतो. व्यापाऱ्याने सगळाच्या सगळा भार शेतकऱ्यावर ढकलला तरी कापसाच्या क्विंटलमागे ६० रुपये पडतात. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. त्याच्या एक टक्काही हे होत नाहीत.

साठ रुपये म्हणजे काहीच नाही असे मी म्हणणार नाही. क्विंटलमागे साठ रुपयांसाठी माणूस दिवसभर बैलगाडी, ट्रॅक्टर घेऊन काट्यासमोर उभा राहतो. पण त्याच हंगामात काय झाले ते आठवा. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नवा कापूस घरात यायच्या ऐन वेळी परदेशी गाठींना दार मोकळे. त्याच महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयात कर लावला आणि कापडगिरण्यांची मागणी हबकली. मागे जायचे तर २०२१ मध्ये कंटेनरचे जागतिक भाडे काही महिन्यांत कित्येक पटींनी वाढले होते. तेव्हा कुठलेही हरित शुल्क नव्हते, साथीने विस्कटलेली वाहतूक होती. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात हल्ले सुरू झाले, जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, पुन्हा भाडे चढले. इतके फटके शेतकऱ्याने सोसले, तेव्हा त्याच्या नावाने लंडनला कुणी गेले नाही. एक टक्क्याहून कमी भाराची गोष्ट निघाली, आणि त्यातून पैसा परत मिळण्याची तरतूद होती, तेव्हा मात्र त्याचे नाव पुढे केले गेले.

या परत मिळणाऱ्या पैशाचा मुद्दा विरोधकांच्या बोलण्यात येतच नाही. लंडनचा निर्णय थांबला म्हणून शुल्क थांबलेले नाही. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२४ पासून जहाजांना आपल्या कार्बन बाजारात ओढले आहे. भारतातून युरोपात जाणाऱ्या जहाजाच्या निम्म्या धुराचा त्यात हिशेब होतो. शुल्काचे प्रमाण पहिल्या वर्षी ४० टक्के, मग ७०, मग पूर्ण. जहाज कंपन्या हा खर्च अधिभार म्हणून मालवाल्याकडून वसूल करतात. तो पैसा जातो कुठे? युरोपातल्या देशांकडे. लंडनच्या आराखड्यात तो जागतिक निधीत जाणार होता आणि त्यातला वाटा आपल्यासारख्या देशांना मागता आला असता. शुल्क चालू आणि वाटा बंद, अशी आजची स्थिती आहे. ‘शेतकरी वाचला’ म्हणणाऱ्यांनी ही स्थिती शेतकऱ्याच्या फायद्याची कशी, ते सांगावे.

पाश्चात्त्यांनी दोनशे वर्षे धूर ओकला आणि आता आपल्याला उपदेश करतात, हाही मुद्दा येतो. इतिहास म्हणून तो खरा आहे. पण निर्णय लांबवणाऱ्यांचे पुढारपण गरीब देशांकडे नव्हते. ते तेल विकणाऱ्यांकडे होते. समुद्राची पातळी वाढून ज्यांची भूमीच पाण्याखाली जायची आहे अशा पॅसिफिकमधल्या बेटांच्या राष्ट्रांची तक्रार तर उलटी होती: आराखडा मवाळ आहे, म्हणून एप्रिलमध्ये ती तटस्थ राहिली. आणि आपणही काही काठावर बसलेलो नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्यात आणि आमच्या बुलढाणा जिल्ह्यात उभी पिके सडली, मातीसकट शेते खरवडून गेली. तापलेल्या हवेत बाष्प जास्त मावते आणि ते एकदम कोसळते, हे आता शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे.

राहिला ‘आपला काय संबंध’ हा प्रश्न. वालचंद हिराचंद सोलापूरचे. त्या शहरालाही समुद्र नाही. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे ‘एस. एस. लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाले. तो दिवस आज आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडून सिंधियाला बुडवण्याचा प्रयत्न केला, तरी वालचंद आणि त्यांचे भागीदार हटले नाहीत. पुढे त्यांनी विशाखापट्टणमला गोदी उभारली आणि १४ मार्च १९४८ रोजी तिथून ‘जलउषा’ पाण्यात उतरली. भाड्याचा दर ज्याच्या हाती, व्यापार त्याच्या हाती, हे त्यांनी ओळखले होते. आज भाड्याच्या जोडीला इंधन आले आहे. पुढची पन्नास वर्षे जहाजांचे इंधन कोण बनवणार, हा तोच जुना प्रश्न आहे.

आणि या प्रश्नाचे एक उत्तर देऊळगाव राजाच्या बांधावर पडलेले आहे, असे मी म्हणतो तेव्हा अतिशयोक्ती होऊ नये म्हणून आकड्यांतच बोलतो.

स्वच्छ जहाजासाठी सध्या मिथेनॉल, अमोनिया, जैवइंधने आणि जवळच्या फेऱ्यांसाठी बॅटरी असे पर्याय पुढे आहेत. मिथेनॉलवर चालणारे पहिले कंटेनर जहाज ‘लॉरा मर्स्क’ सप्टेंबर २०२३ मध्ये कोपनहेगनला सेवेत दाखल झाले. पण जहाज तयार झाले तरी इंधन कुठाय? शेतातल्या काडीकचऱ्यापासून किंवा हरित हायड्रोजनपासून केलेले मिथेनॉल जगात फारच थोडे बनते. जहाजमालक म्हणतो आधी इंधन दाखवा. इंधन करणारा म्हणतो आधी गिऱ्हाईक दाखवा. बंदर म्हणते दोघेही या, मग टाक्या बांधतो. ही कोंडी एकटी कंपनी फोडू शकत नाही. म्हणूनच या क्षेत्रातले सारे शोध भागीदारीनेच लागणार आहेत. बंदर, गोदी, इंधनवाला, प्रयोगशाळा, खलाशी आणि कच्चा माल पिकवणारा शेतकरी एकत्र बसल्याशिवाय ते लागणार नाहीत.

कच्चा माल म्हणजे आमची पऱ्हाटी. वेचणी संपली की कपाशीची वाळकी झाडे शेतात उभी राहतात. गुलाबी बोंडअळी त्यांच्यात दडून पुढच्या हंगामापर्यंत तग धरते, म्हणून फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या वेळेत काढा, असे कृषी विभाग दरवर्षी कंठशोष करून सांगतो. त्या काढायला लोखंडी चिमटा लागतो, कंबर मोडते आणि मजुरी लागते ती वेगळीच. मग काहींच्या शेतात रोटाव्हेटर फिरतो, काहींच्या बांधावर ढीग पेटतात. अनेक ठिकाणी मजूर बाया ‘उपटून न्या’ या बोलीवर मोळ्या बांधून नेतात आणि पावसाळाभर त्यांची चूल त्यावर पेटते. हेक्टरी साधारण दोन ते तीन टन वाळकी पऱ्हाटी निघते. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून उभी असलेली केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था या पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, कांड्या आणि पेलेट करण्याचे तंत्र कधीच सिद्ध करून बसली आहे. पानिपतला ऑगस्ट २०२२ मध्ये इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना सुरू झाला. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे. ज्ञान महाराष्ट्रात आहे, माल महाराष्ट्रात आहे आणि बंदरही महाराष्ट्रात आहे.

तरी स्वप्न विकायचे नाही. महासागरातले मोठे कंटेनर जहाज दिवसाला शंभर टनांच्या आसपास तेल जाळते. मिथेनॉलमध्ये तेलाच्या निम्मीच ऊर्जा, म्हणजे ते दोनशे टन लागणार. एक टन मिथेनॉलला ढोबळमानाने दोन टन कोरडा काडीकचरा लागतो. म्हणजे एका जहाजाच्या एका दिवसाला चारशे टन पऱ्हाटी, जवळजवळ चारशे एकरांची! सगळा जिल्हा पालथा घातला तरी महासागर ओलांडणाऱ्या जहाजांची भूक भागणार नाही. ज्यांना हे आकडे ठाऊक नाहीत तेच ‘विदर्भाच्या काडीकचऱ्यावर जगाची जहाजे’ असली भाषणे करतात, आणि त्यामुळेच खरा मुद्दा बदनाम होतो.

खरा मुद्दा लहान जहाजांचा आहे. बंदरात मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या टग नौका, किनाऱ्याने फिरणारी मालवाहू जहाजे, प्रवासी बोटी यांची भूक माफक आणि ठिकाण ठरलेले. केंद्राने २०२४ मध्ये हरित टग योजना सुरू केली. तिच्या पहिल्या टप्प्यातल्या चार बंदरांत न्हावा शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. कांडला ते तुतिकोरिन असा हरित किनारी मार्ग करून तिथे मिथेनॉल भरण्याची सोय उभी करण्याचे कामही हाती घेतले आहे. हा मार्ग महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोरूनच जातो. मग त्याच्या इंधनात बुलढाणा, जालना, अकोल्याच्या पऱ्हाटीचा वाटा का नसावा? अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, माटुंग्याची कापूस संस्था, जहाजांना प्रमाणपत्र देणारे पवईचे इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, न्हावा शेव्याचे बंदर आणि आमच्या शेतकरी उत्पादक कंपन्या यांचा एक संयुक्त प्रकल्प जालन्याजवळ उभा राहायला कुठला शास्त्रीय अडथळा आहे? अडथळा एकच: या लोकांना एका टेबलाशी बसवणारे कुणी नाही.

त्या टेबलाशी मोळी नेणारी बाईही हवी, हे मी आग्रहाने सांगतो. पऱ्हाटीला भाव आला की ‘उपटून न्या’ ही बोली संपेल. भूमिहीन बाईची फुकटची चूल विझेल आणि सिलिंडर भरायला तिच्याकडे पैसे नसतील. म्हणून मजुरीचा दर, तिला वर्षभराच्या जळणाची हमी आणि मातीत परत जाणारा काही भाग हे करारातच लिहिलेले असले पाहिजे. हे न लिहिता उभारलेला प्रकल्प जहाज स्वच्छ करील आणि गाव लुटील.

हाच इशारा मला दुसऱ्या बाजूच्या लोकांनाही द्यायचा आहे, जे प्रत्येक बंदराला ‘हरित’ अशी पाटी लावून मोकळे होतात. पालघर जिल्ह्यात वाढवणच्या बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले. खर्च ७६,२२० कोटी. समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव. डहाणूचा मच्छीमार वर्षानुवर्षे त्याविरुद्ध उभा आहे. गोदीत विजेच्या क्रेन आणि छतावर सौर पट्ट्या बसवल्या म्हणून माशांची विणीची जागा भरावाखाली गेल्याचे नुकसान भरून येत नाही. ज्याची जाळी तिथे पडतात त्याला वगळून केलेल्या सहकार्याला सहकार्य म्हणता येत नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ला दुसऱ्या जहाजाची धडक बसली, शेकडो टन तेल सांडले, कंटेनर वाहत किनाऱ्याला लागले, काहींत कीटकनाशके होती. मासे कुणी घेईना आणि कोळणींच्या टोपल्या तशाच परत गेल्या. पुढच्याच वर्षी ‘रॅक कॅरिअर’ साठ हजार टन कोळसा घेऊन मुंबईसमोर बुडाले. राष्ट्रीय हरित लवादाने जहाजवाल्यांना १०० कोटींची भरपाई सांगितली ती २०१६ मध्ये, पाच वर्षांनी. समुद्र घाण झाल्याची किंमत सगळ्यात आधी कोळी चुकवतो, आणि निर्णयात त्याचे नाव सगळ्यात शेवटी येते. आमच्या शेतकऱ्याचे आणि त्याचे दुखणे इथे एकच आहे.

जहाजाचा प्रवास धक्क्यावरून सुरू होतो हेही खरे नाही. आमच्या मालाचा पहिला धूर देऊळगाव राजा ते न्हावा शेवा या रस्त्यावर डिझेलच्या ट्रकमधून निघतो. डिसेंबर २०१५ मध्ये जालन्याला कोरड्या बंदराचे भूमिपूजन झाले. तासाभरावरच्या या बंदरात कंटेनर भरून विजेच्या गाडीने थेट धक्क्यावर न्यायचा, ही कल्पना उत्तम होती आणि आहे. तिला दशक उलटले. जालना-खामगाव रेल्वेची मागणी तर शंभर वर्षांहून जुनी. देऊळगाव राजा, चिखलीच्या कित्येक पिढ्या तिच्या सर्वेक्षणाच्या बातम्या वाचत आल्या. स्वच्छ सागरी वाहतुकीचा विचार करणाऱ्याने या रेल्वेला जिल्ह्याचा लाड समजू नये. टनाला टन मोजला तर रेल्वेला ट्रकच्या मानाने कितीतरी कमी ऊर्जा लागते, आणि विजेची गाडी असेल तर डिझेलचा प्रश्नच मिटतो.

लंडनचा विषय पुन्हा पटलावर येणारच आहे. तोवर जिल्ह्यातल्या बाजार समित्यांनी, शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आणि ग्रामसभांनी तीन ठराव करावेत आणि खासदारांच्या हाती द्यावेत. भारताने आराखड्याच्या बाजूचे आपले मत कायम ठेवावे. जागतिक निधीतला भारताचा वाटा ठरेल तेव्हा शेतीच्या अवशेषांपासून होणाऱ्या जहाज-इंधनाला आणि बंदरामुळे धंदा गेलेल्या मच्छीमारांना त्यात नावानिशी जागा मिळावी. आणि जालन्याचे कोरडे बंदर व खामगावची रेल्वे यांना तारखा लागाव्यात. ‘शेतकरी वाचला’ म्हणणाऱ्या माझ्या व्यापारी मित्रांनी या ठरावांवर पहिल्या सह्या कराव्यात. शेतकऱ्याचा कळवळा असेल तर तो दाखवण्याची ही जागा आहे.